दिसण्याची परवानगी : बेर्कहेयडेचे अ‍ॅमस्टरडॅम आणि तिथले धर्म

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात गेरिट बेर्कहेयडे या डच चित्रकाराने अ‍ॅमस्टरडॅममधील दोन सिनेगॉगांचे, म्हणजे ज्यू धर्मीयांच्या प्रार्थनामंदिरांचे, नगरदृश्य रंगवले. त्यांतील एक सिनेगॉग मध्य आणि पूर्व युरोपातून आलेल्या अश्केनाझी ज्यूंनी बांधलेले आणि १६७१ मध्ये उघडलेले, तर दुसरे स्पेन आणि पोर्तुगालमधून परागंदा झालेल्या सेफार्दी ज्यूंनी बांधलेले आणि १६७५ मध्ये पूर्ण झालेले होते. दोन्ही इमारती एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर उभ्या आहेत आणि त्यांच्यासमोर शहराची नेहमीची ये-जा चाललेली आहे. या चित्रात कोणताही विधी नाही, बायबलमधला प्रसंग नाही, उपहास नाही आणि उपदेशही नाही. ज्या स्वच्छ उजेडात आणि ज्या काटेकोर रेषांनी बेर्कहेयडेने अ‍ॅमस्टरडॅमचे नगरभवन किंवा हार्लेमचे मोठे चर्च रंगवले, त्याच उजेडात आणि त्याच रेषांनी त्याने ही दोन सिनेगॉगही रंगवली.

या साधेपणातच चित्राचे ऐतिहासिक महत्त्व आहे. व्हेनिसमध्ये १५१६ पासून आणि रोममध्ये १५५५ पासून ज्यूंना तटबंद वस्तीत राहावे लागत होते, स्पेनने त्यांना १४९२ मध्येच हाकलून दिले होते, आणि युरोपात जिथे त्यांना राहू दिले जाई तिथेही त्यांचे प्रार्थनास्थळ रस्त्यावरून सहसा ओळखू येऊ नये अशीच अपेक्षा असे. अशा काळात सिनेगॉग ही शहराची शोभा मानून दिवाणखान्यात टांगण्याजोगा चित्रविषय ठरते, ही असाधारण गोष्ट होती. मात्र त्याच अ‍ॅमस्टरडॅममध्ये, शंभर वर्षांपूर्वीपर्यंत ज्यांचा धर्म हाच शहराचा धर्म होता त्या कॅथलिकांना आपली वेदी घराच्या माळ्यावर लपवावी लागत होती. म्हणून डच नगरदृश्य पाहताना चित्रात कोणती इमारत आहे एवढेच विचारून भागत नाही. कोणत्या धर्माला रस्त्यावर दिसण्याची परवानगी होती, कोणाला नव्हती, आणि ती परवानगी देणारा कोण होता, हेही विचारावे लागते.

नगरदृश्य हा स्वतंत्र चित्रप्रकार म्हणून डच प्रजासत्ताकात साधारण १६५० नंतर स्थिरावला. त्यापूर्वी शहर चित्रात येई ते धार्मिक प्रसंगाची पार्श्वभूमी म्हणून, नकाशाच्या कडेची सजावट म्हणून, किंवा नदीपलीकडून दिसणाऱ्या मनोऱ्यांची लांबट रांग म्हणून. चर्चच्या अंतर्भागांची मोजून-मापून चित्रे काढणाऱ्या पीटर सानरेडाम याने अ‍ॅमस्टरडॅमच्या जुन्या नगरभवनाचे चित्र १६५७ मध्ये पूर्ण केले. ती इमारत पाच वर्षांपूर्वी आगीत नष्ट झाली होती, आणि चित्रकाराने १६४१ मध्ये केलेल्या रेखाटनावरून ती पुन्हा उभी केली होती. योहानेस फर्मेर याने १६६० च्या सुमारास डेल्फ्टचे प्रसिद्ध दृश्य रंगवले. अ‍ॅमस्टरडॅमचा यान फान डेर हेयडेन हा भिंतीतली वीट अन् वीट रंगवणारा चित्रकार होताच, शिवाय १६६९ पासून शहराचे रस्ते दिव्यांनी उजळण्याची योजना आणि आग विझवण्यासाठी लवचीक नळी लावलेला बंब यांचाही तो जनक होता. शहर रंगवणे आणि शहर चालवणे या दोन गोष्टी त्या समाजात किती जवळ होत्या, हे त्याच्या कारकिर्दीवरून कळते. ही चित्रे प्रामुख्याने राजदरबारासाठी किंवा चर्चसाठी होत नसत. व्यापारी, अधिकारी आणि सुखवस्तू कारागीर ती खुल्या बाजारात विकत घेत, आणि ज्या शहराच्या समृद्धीत आपला वाटा आहे त्या शहराची प्रतिमा घरात लावत.

बेर्कहेयडे या ग्राहकवर्गाचा चित्रकार होता. त्याचा जन्म १६३८ मध्ये हार्लेम येथे झाला. थोरला भाऊ योब हाही चित्रकारच होता. दोघांनी तरुणपणी जर्मन प्रदेशात ऱ्हाइन नदीकाठच्या शहरांचा प्रवास केला, हायडलबर्ग येथे तेथील राज्यकर्त्यासाठी काही काळ काम केले आणि नंतर ते हार्लेमला परतले. गेरिटने पुढे मुख्यतः तीन शहरे रंगवली : हार्लेम, अ‍ॅमस्टरडॅम आणि हेग. एकच चौक वेगवेगळ्या बाजूंनी आणि वेगवेगळ्या प्रहरी पुनःपुन्हा रंगवणे ही त्याची पद्धत होती. तिरप्या उन्हाने इमारतीची एक बाजू उजळवायची, दुसरी सावलीत ठेवायची आणि लांब सावल्यांच्या पट्ट्यांमधून माणसे फिरवायची, ही त्याची रचना डोळ्यांना सहज वाटते, पण तिच्यामागे यथार्थदर्शनाचा, म्हणजे सपाट पृष्ठभागावर अंतर आणि खोली दाखवण्याच्या शास्त्राचा, पक्का अभ्यास आहे. १६९८ मध्ये हार्लेममध्येच कालव्यात पडून त्याचा मृत्यू झाला.

त्याच्या चित्रांतला धर्म वाचायला सुरुवात हार्लेमपासून करावी लागते. लंडनच्या नॅशनल गॅलरीत असलेल्या १६७४ च्या चित्रात प्रेक्षक जणू हार्लेमच्या नगरभवनाच्या खांबांआडून बाहेर पाहतो, आणि चौकापलीकडे संत बावो याच्या नावाने ओळखले जाणारे प्रचंड चर्च उभे दिसते. हे चर्च मध्ययुगात कॅथलिकांनी बांधले. १५७८ मध्ये ते कॅल्विनपंथी प्रोटेस्टंटांच्या, म्हणजे धर्मसुधारक जाँ कॅल्विन याची शिकवण मानणाऱ्यांच्या, हाती गेले. त्याच वर्षी अ‍ॅमस्टरडॅममध्येही सत्तांतर झाले, कॅथलिक नगरशासकांना शहराबाहेर काढण्यात आले आणि शहरातली जुनी चर्चे नव्या पंथाला मिळाली. कॅल्विनपंथी चर्चला यापुढे ‘सार्वजनिक चर्च’ असा दर्जा मिळाला : नगरातील मोठ्या चर्च-इमारती, मनोरे आणि घंटा त्याच्याकडे, आणि सार्वजनिक पदांवरही त्याच्याशी बांधिलकी मानणाऱ्यांचीच अपेक्षा. मात्र त्याचे सभासद होण्याची सक्ती कोणावर नव्हती. स्पेनच्या कॅथलिक राजाविरुद्ध बंड केलेल्या प्रांतांनी १५७९ मध्ये उट्रेख्त येथे जो करार केला, त्याच्या तेराव्या कलमात धर्माच्या कारणावरून कोणाचीही चौकशी किंवा छळ होऊ नये असे म्हटले होते. ज्याने-त्याने मनात काय मानावे याचे स्वातंत्र्य या कलमाने दिले. ते उघड्यावर कसे आचरावे हे ठरवणे मात्र प्रांतांच्या आणि व्यवहारात नगरशासकांच्या हाती राहिले.

नगरशासकांचे हे वर्चस्व पाहायचे तर बेर्कहेयडेने पुनःपुन्हा रंगवलेल्या अ‍ॅमस्टरडॅमच्या ‘डाम’ या मध्यवर्ती चौकाकडे वळावे लागते. चौकावर याकोब फान काम्पेन याच्या आराखड्यानुसार उभारलेल्या नव्या नगरभवनाची सत्ता आहे. स्पेनशी तह झाला त्याच १६४८ मध्ये, भुसभुशीत जमिनीत १३,६५९ लाकडी खांब ठोकून, या इमारतीचे काम सुरू झाले आणि १६५५ मध्ये तिचे थाटात उद्घाटन झाले. तिच्या बाजूला असलेले ‘नवे चर्च’ मात्र मनोऱ्यावाचून उभे आहे. १६४५ च्या आगीनंतर त्या चर्चला नगरभवनाहून उंच मनोरा बांधण्याची योजना आखण्यात आली होती, पायाचे कामही झाले होते. पण चर्चची उंची अधिक की नगरशासनाची, या सुप्त वादात १६५० नंतरच्या काही वर्षांतच ते काम सोडून देण्यात आले. चौकातच मालाचे अधिकृत वजन करून कर आकारणारी इमारत होती. हमाल, ढकलगाड्या, पिंपे आणि गाठोडी यांची तिथली वर्दळ चित्रकारांच्या आवडीची होती. धर्मगुरूंचा आक्षेप ऐकून घ्यायचा, पण निर्णय व्यापाराचे हित पाहून करायचा, ही अ‍ॅमस्टरडॅमच्या शासकांची रीत या चौकाच्या रचनेतच उतरलेली आहे.

याच चौकात परधर्मीय माणसेही दिसतात. योहानेस लिंगेलबाख याने १६५६ मध्ये रंगवलेल्या, बांधकाम चालू असलेल्या नगरभवनाच्या चित्रात स्थानिक व्यापाऱ्यांच्या गर्दीत पागोटी घातलेले, पूर्वेकडचे लांब झगे ल्यालेले पुरुष आहेत. अशी माणसे चित्रात रंगत आणण्यासाठीही घातली जात, त्यामुळे त्यांची शिरगणती करून काही सिद्ध होत नाही. पण ती कल्पनेतली नव्हती. डच प्रजासत्ताकाने १६१२ मध्येच ऑटोमन सुलतानाकडून व्यापाराच्या सवलती मिळवल्या होत्या. आर्मेनियन व्यापारी अ‍ॅमस्टरडॅममध्ये वस्ती करून होते, आणि आर्मेनियन भाषेतले पहिले छापील बायबल १६६६ ते १६६८ या काळात याच शहरात छापले गेले.

या पार्श्वभूमीवर सिनेगॉगांच्या चित्राकडे परत आले की त्यातील इमारतींचा डौल नीट कळतो. स्पेनने १४९२ मध्ये ज्यूंना हद्दपार केल्यावर त्यांतील पुष्कळ जण पोर्तुगालमध्ये गेले आणि तिथे १४९७ मध्ये त्यांचे सक्तीने धर्मांतर झाले. बाहेरून ख्रिस्ती आणि घरात ज्यू अशा संशयावरून या ‘नवख्रिस्त्यां’वर इन्क्विझिशनची, म्हणजे धर्मभ्रष्टतेची चौकशी करून शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायपीठाची, टांगती तलवार पिढ्यान्‌पिढ्या राहिली. तिची झळ पोर्तुगीज साम्राज्यात गोव्यापर्यंत पोचली होती. औषधी वनस्पतींवरील आपला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापणारा आणि मुंबई बेट भाडेपट्ट्याने घेतलेला वैद्य गार्सिया द ओर्ता हा अशाच कुटुंबातला. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या बहिणीला गोव्यात जिवंत जाळण्यात आले आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडे थडग्यातून उकरून जाळण्यात आली. ज्या छळातून ही कहाणी घडली, त्याच छळातून निसटलेली व्यापारी कुटुंबे सोळाव्या शतकाच्या अखेरीस अ‍ॅमस्टरडॅमच्या बंदरात येऊ लागली आणि तिथे उघडपणे ज्यू धर्म पाळू लागली. त्यांच्या तीन उपासक मंडळ्या १६३९ मध्ये एकत्र आल्या. १६४२ मध्ये प्रजासत्ताकाचा सेनापती आणि ऑरेंज घराण्याचा प्रमुख फ्रेडरिक हेंड्रिक याने इंग्लंडच्या राणीसह त्यांच्या तेव्हाच्या सिनेगॉगला भेट दिली, यावरून त्यांची प्रतिष्ठा किती वाढली होती हे दिसते.

अश्केनाझी ज्यूंची गोष्ट वेगळी होती. जर्मन प्रदेशातील तीस वर्षांचे युद्ध आणि १६४८ नंतर पोलंड-युक्रेनमध्ये झालेली ज्यूंची कत्तल यांतून पळालेली ही माणसे बहुतांश गरीब होती. फेरीवाले, जुन्या कपड्यांचे विक्रेते, खाटीक असे त्यांचे व्यवसाय होते. असे असूनही मोठे सिनेगॉग आधी त्यांनीच उभारले. ते उघडले त्याच १६७१ मध्ये सेफार्दींनी आपल्या इमारतीचा पाया घातला. त्यांचे धर्मगुरू इसाक अबोआब दा फोन्सेका यांनी त्यासाठी लोकांना आवाहन केले होते. हे अबोआब पूर्वी डचांच्या ताब्यातील ब्राझीलमध्ये, रेसीफे येथे, धर्मगुरू होते. वास्तुरचनाकार एलियास बाउमन हा ख्रिस्ती होता. १६७२ मध्ये फ्रान्स, इंग्लंड आणि दोन जर्मन बिशपांच्या संयुक्त आक्रमणाने प्रजासत्ताक कोसळते की काय अशी स्थिती झाली आणि बांधकाम थांबले. पुढे ते पूर्ण होऊन २ ऑगस्ट १६७५ रोजी सिनेगॉगचे उद्घाटन झाले. विटांचा हा भव्य आयताकृती ठोकळा, भिंतीतून किंचित पुढे आलेले सपाट खांब, उंच कमानदार खिडक्या, माथ्यावर दगडी कठडा आणि भोवती बसक्या इमारतींचे अंगण अशी त्याची रचना आहे. आत ७२ खिडक्यांचा उजेड येतो, जमिनीवर वाळू पसरलेली असते, धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवण्याचे कपाट ब्राझीलच्या लाकडाचे आहे आणि आजही तिथे विजेचे दिवे न लावता मेणबत्त्याच लावतात. एमान्युएल दे वित्ते याने १६८० मध्ये याचा अंतर्भाग रंगवला. त्या चित्रात प्रार्थनेला आलेल्यांबरोबर इमारत पाहायला आलेली माणसेही आहेत, आणि सिनेगॉग हे परगावच्या पाहुण्यांना आवर्जून दाखवण्याचे ठिकाण बनले होते याची त्यातून साक्ष मिळते.

आता जे चित्रात नाही त्याकडे पाहावे लागेल. बेर्कहेयडेच्या अ‍ॅमस्टरडॅममध्ये कालव्यांच्या काठाने श्रीमंतांच्या घरांच्या रांगाच रांगा आहेत, पण त्यांतील काही घरांच्या आत चर्च होते, हे चित्रावरून कळणे शक्य नाही, कारण ते कळू न देणे हीच त्यांना परवानगी देण्यामागची अट होती. यान हार्टमन या कॅथलिक व्यापाऱ्याने १६६१ ते १६६३ या काळात कालव्याकाठचे आपले घर आणि मागची दोन घरे यांचे वरचे मजले जोडून माळ्यावर एक संपूर्ण चर्च उभारले, ज्यात सज्जे आणि भव्य वेदी हे सारे होते. हे चर्च आज संग्रहालय म्हणून पाहता येते. बेगेनहोफ या धार्मिक जीवन जगणाऱ्या अविवाहित स्त्रियांच्या वसाहतीतले मध्ययुगीन चर्च काढून घेऊन इंग्रजीभाषक प्रोटेस्टंटांना देण्यात आले, आणि त्या कॅथलिक स्त्रियांनी समोरच्या दोन घरांच्या आत आपले गुप्त चर्च बांधले. तेही १६७१ मध्येच. अशा छुप्या चर्चला रस्त्याकडे मनोरा, घंटा किंवा क्रूस असता कामा नये, असा नियम होता. प्रार्थनेसाठी लोक जमतात हे शेजाऱ्यांना आणि अधिकाऱ्यांनाही ठाऊक असे, आणि दुर्लक्ष करण्यासाठी अधिकाऱ्यांना नियमित पैसे दिले जात. बाप्तिस्म्याविषयी वेगळी मते असलेल्या मेनोनाइटांसारखे प्रोटेस्टंट पंथही आडोशाला प्रार्थना करत. जर्मनी आणि उत्तर युरोपाशी व्यापारी संबंध जपायचे म्हणून लूथरपंथीयांना मोठी इमारत बांधू दिली, पण तिला मनोरा नव्हता. त्यांचे गोल चर्चही १६७१ मधलेच आहे आणि त्यावर तांब्याचा घुमट आहे.

एकाच वर्षी ज्यूंचे सिनेगॉग उघड्यावर उभे राहते आणि कॅथलिक स्त्रियांचे चर्च घराच्या दर्शनी भिंतीआड लपते, ही विसंगती उदारपणाच्या मोजपट्टीने उलगडत नाही, कारण तिचा उगम सत्तेच्या भीतीत आहे. कॅथलिक पंथ हा ऐंशी वर्षे चाललेल्या युद्धातील शत्रूचा पंथ होता, रोमच्या पोपशी त्याची निष्ठा जोडलेली होती, आणि शहरातली जुनी चर्चे कधीकाळी त्याचीच असल्यामुळे तो ती परत मागेल ही शंका शासकांच्या मनात कायम होती. ज्यूंचा असा कोणताही दावा नव्हता. त्यांच्यामागे कोणत्याही राजाचे सैन्य नव्हते, त्यांच्या धर्मात प्रचार करून माणसे ओढण्याची प्रथा नव्हती, आणि सेफार्दी कुटुंबांचे स्पेन-पोर्तुगाल, ब्राझील व भूमध्य समुद्राकडचे व्यापारी संबंध शहराला हवे होते. ज्याच्यापासून धोका नाही त्याला दिसू द्यावे आणि ज्याच्यापासून आहे त्याला भिंतीआड राहू द्यावे, असा हा हिशेब होता.

म्हणून ज्यूंना मिळालेल्या सवलतीलाही मर्यादा होत्या. १६१६ च्या नगर-आदेशाने त्यांना ख्रिस्ती धर्माविरुद्ध बोलण्यास, ख्रिस्ती माणसाला आपल्या धर्मात घेण्यास आणि ख्रिस्ती स्त्रियांशी संबंध ठेवण्यास मनाई केली. १६३२ मध्ये ठरले की ज्यू माणसाला पैसे भरून नागरिकत्व घेता येईल, पण ते त्याच्या मुलांना वारशाने मिळणार नाही, आणि त्या नागरिकत्वाच्या बळावर त्याला दुकानदारी किंवा श्रेणींचे, म्हणजे कारागीर-व्यापाऱ्यांच्या बंदिस्त संघटनांचे, धंदे करता येणार नाहीत. त्यामुळे हिऱ्यांना पैलू पाडणे, साखर शुद्ध करणे, तंबाखू वळणे, पुस्तके छापणे अशा, श्रेणींच्या पकडीत न आलेल्या नव्या धंद्यांत ज्यू एकवटले. समाजांतर्गत शिस्तही कडक होती, कारण एका माणसाच्या उद्दाम मतांमुळे सगळ्यांची परवानगी जाण्याची भीती होती. तत्त्वज्ञ बारूख स्पिनोझा याला १६५६ मध्ये सेफार्दी मंडळीने बहिष्कृत केले त्यामागे ही भीतीही होती, असे अनेक इतिहासकार मानतात. बेर्कहेयडेच्या चित्रातली शांत, उन्हात उजळलेली इमारत या अटींसह उभी आहे. चित्रात अटी दिसत नाहीत, फक्त त्या पाळल्याने मिळालेले फळ दिसते.

चित्राचे साक्षीमूल्य ठरवताना आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. नगरदृश्ये विकली जात ती शहराचा अभिमान म्हणून. त्यामुळे उन्हाळ्यात कालव्यांना सुटणारी दुर्गंधी, अश्केनाझी वस्तीतली दाटी आणि ज्या वसाहतींच्या गुलाम-श्रमावर साखरेचा धंदा चाले त्यांची सावली यांना या स्वच्छ रस्त्यांवर जागा नाही. अशा चित्रांतून रोजचे जीवन जसेच्या तसे हाती येत नाही. शहराला स्वतःला कसे पाहायला आवडे, ते मात्र नेमके कळते. त्या आवडत्या प्रतिमेत दोन सिनेगॉगांना स्थान मिळाले, हा या चित्राचा सर्वांत भरवशाचा पुरावा आहे.

परवानगी आणि हक्क यांतले अंतर कायद्याने मिटायला आणखी शंभराहून अधिक वर्षे लागली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या प्रभावाखाली स्थापन झालेल्या बटाव्हियन प्रजासत्ताकाच्या राष्ट्रीय सभेने २ सप्टेंबर १७९६ रोजी ज्यूंना समान नागरिकत्व दिले, आणि त्याच सुमारास चर्च व शासन यांची फारकत झाल्याने कॅथलिकांनाही उघड्यावर येता आले. हक्कही कायमचे नसतात हे सिनेगॉगांच्या याच परिसराने पाहिले : फेब्रुवारी १९४१ मध्ये देश व्यापून बसलेल्या नाझी जर्मन सत्तेने या सिनेगॉगांशेजारच्या चौकात चारशेहून अधिक ज्यू तरुणांना पकडून नेले आणि त्याच्या निषेधार्थ अ‍ॅमस्टरडॅमच्या कामगारांनी संप पुकारला. युद्ध संपेपर्यंत नेदरलँड्समधील सुमारे एक लाख चाळीस हजार ज्यूंपैकी एक लाखाहून अधिक मारले गेले होते. अश्केनाझी सिनेगॉग आज ज्यू इतिहासाच्या संग्रहालयाचा भाग आहे, सेफार्दी सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालू आहे. बेर्कहेयडेच्या चित्राचा उल्लेख आज सहिष्णुतेचा दाखला म्हणून होतो आणि तो चुकीचा नाही. पण त्या सहिष्णुतेचा आधार समानतेचे तत्त्व नव्हता, नगरशासकांचा सोयीचा निर्णय होता. शासकांच्या सोयीवर उभे असलेले हे सहजीवन त्या काळातल्या युरोपात दुर्मीळ आणि मोलाचे होते, तरी शासक आणि सोय बदलली की त्याला दुसरा आधार उरत नव्हता.